नऊ नंबरचं जाकीट

एलाडियोच्या डोक्यात आज कुठलं साल चालू आहे, हे बालबीनाला त्याच्या तोंडच्या संघाच्या नावावरून कळायचं. बाकी काही विचारण्यात अर्थ नव्हता. वार कोणता, महिना कोणता, पंतप्रधान कोण, यांची उत्तरं तो धडधाकट होता तेव्हाही धड देत नसे. पण कोर्वेइरो गावच्या बास्केटबॉल संघाचं नाव तो झोपेतही चुकला नसता. बावन्न वर्षं त्याने त्या संघाचे सदरे धुतले होते, वाळवले होते, घड्या घालून खेळाडूंच्या खुंट्यांखाली ठेवले होते.

नाव एकच असतं तर गोष्ट वेगळी होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा तिथल्या बास्केटबॉलचा जुना न्याय. जो संघ पोसेल त्याचं नाव संघाला. फादर उबाल्दोंनी शाळेच्या अंगणात भिंतींना दोन रिंगा ठोकल्या, तेव्हा संघाचं नाव शाळेचंच होतं, सान तेल्मो. सहासष्ट साली सार्डिन मासळीच्या डब्यांच्या कारखान्याने संघ पदरात घेतला आणि तो ‘ओर्बायो’ झाला. चौऱ्याऐंशीत बचत बँक आली, तेव्हा ‘रिबेइरा’. चौऱ्याण्णवच्या शरदात दूधवाले आले, ‘फोन्तेला’. शेवटी समुद्राकाठी फ्लॅट बांधणारा एक बिल्डर आला, ‘व्हिस्ताबेया’, आणि २०१० साली तो बुडाला तो संघाला घेऊनच बुडाला. पुढे शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पोराटोरांचा एक संघ उभा केला. त्याला पोसणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याचं नाव आपसूक पुन्हा सान तेल्मो पडलं.

त्यामुळे कोर्वेइरोत कुणाला वय विचारावं लागत नाही. तो संघाला काय म्हणतो ते ऐकलं की पुरे. बालबीनाला तर ही सगळी नावं बोटांनीच पाठ होती, कारण ती तिनेच शिवली होती.

सहासष्ट साली ती वीस वर्षांची होती आणि कारखान्यात डबे भरायची, शेपटीशी डोकं आणि डोक्याशी शेपटी. मालकांनी कोळ्यांच्या कोटाचं जाड निळं कापड दिलं, पोरींनी बारा जाकिटं शिवली, चार नंबरपासून पंधरापर्यंत. एक, दोन, तीन हे आकडे पंच बोटांनी गुण दाखवतो त्यासाठी राखलेले, ते पाठीवर लावत नसत. बालबीनाचा टाका बारीक, म्हणून पाठीवरची अक्षरं तिच्या वाट्याला आली. जाकिटांचा गठ्ठा घेऊन ती शाळेच्या अंगणात गेली, तर संघाचं सामान सांभाळणारा एक किडकिडीत तरुण पुढे आला. त्याने एक जाकीट उलगडलं, लांब धरलं आणि म्हणाला, “अक्षरं वाकडी आहेत.”

“अक्षरं सरळ आहेत. तुमचं अंगण वाकडं आहे,” बालबीना म्हणाली.

अंगण वाकडं होतंच. पावसाचं पाणी जावं म्हणून ते गटाराच्या बाजूला उतरतं बांधलेलं होतं, आणि चेंडू कुठेही ठेवला तरी जरा वेळाने गटाराशी जाऊन थांबायचा. तो तरुण, म्हणजे एलाडियो, हसला. तीन वर्षांनी दोघांनी लग्न केलं.

पुढे संघ वरच्या श्रेणीत गेला, पक्का हॉल झाला, दोन-दोन मीटर उंचीचे अमेरिकन आले, सदरे दरसाल नवे येऊ लागले. पण मोसमाच्या पहिल्या सामन्याला खेळाडूंनी ती जुनी निळी जाकिटं घालूनच मैदानात यायचं, हा रिवाज कुणी मोडला नाही. अमेरिकनांच्या बाह्या कोपरापर्यंतच पोचत आणि प्रेक्षक खिदळत. नाव बदललं की बालबीनाने बाराही पाठी उसवायच्या आणि नवी अक्षरं टाचायची. उसवलेली अक्षरं टाकून देणं तिच्या जिवावर येई, म्हणून ती बिस्किटांच्या डब्यात जमा होत गेली. संघ बुडाला तेव्हा जुन्या मंडळींनी जाकिटं आपसांत वाटून घेतली. नऊ नंबरला मात्र कुणी हात लावला नाही. ते एलाडियोने गुपचूप काखेत मारून घरी आणलं आणि कपाटात टांगलं.

नऊ नंबर आन्शोचा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा. आन्शो बँकेच्या संघात वाढला, शेवटच्या वर्षी मोठ्या संघातून चार मिनिटं खेळला, आणि दूधवाल्यांचं पहिलं वर्ष सरायच्या आत, फेब्रुवारीत, राखीव संघाचा सामना आटपून लुगोहून येताना धुक्यात गाडी उलटून गेला. एकोणीस वर्षांचा होता.

आता एलाडियो पंचाहत्तरीचा होता आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहत होता. बालबीना मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारच्या बसने त्याच्याकडे जायची. डॉक्टर सेइशास शुक्रवारी सकाळी त्याची परीक्षा घेत. ते स्वतः लहानपणापासून संघाचे भक्त, त्यामुळे वार-महिना विचारून झालं की एक प्रश्न पदरचा घालत: “बरं, आपल्या संघाचं नाव काय?” पहिल्या हिवाळ्यात तो ‘व्हिस्ताबेया’ म्हणाला. पाच वर्षांचं शिळं उत्तर, पण वाईट म्हणावं असं नाही. मार्चमध्ये तो ‘फोन्तेला’ म्हणाला.

त्याच आठवड्यात बालबीना त्याच्या खोलीत शिरली, तर तो पलंगाच्या कडेला बूट घालून तयार बसला होता.

“बॅग मिळाली का?” त्याने विचारलं.

“कसली बॅग?”

“पोराची. पोलिसांकडे असेल. ओले कपडे आहेत आत, कुबट वास धरतील.”

बालबीनाचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. वीस वर्षांपूर्वी त्याने नेमकं हेच विचारलं होतं. तेव्हा तो रडला नव्हता. पोलिसांनी बॅग दिली, त्याने सदरा धुतला, वाळवला, घडी घातली आणि त्यानंतर त्या विषयावर तोंड उघडलं नाही. आता मात्र लहान मुलासारखा भोकाड पसरून रडला. तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं, सांगितलं की वीस वर्षं झाली रे, आता नको.

“वीस वर्षं? बालबी, परवा पुरलं आपण त्याला.”

शुक्रवारी पुन्हा तेच. मंगळवारी पुन्हा. बॅग मिळाली का, कपडे ओले असतील, आणि मग ते रडणं. मूल एकदा गेलं की निदान पुन्हा जात नाही, एवढ्या एका गोष्टीचा आधार बालबीनाला इतकी वर्षं होता. आता आन्शो आठवड्यातून दोनदा जात होता. मे महिना उजाडेपर्यंत ती वाळून अर्धी झाली, आणि मग तिने एक गोष्ट ठरवली.

तिने नऊ नंबरचं जाकीट कपाटातून काढलं, खिडकीपाशी उजेडात बसली आणि पाठीवरची अक्षरं उसवली. बिल्डरची गेली, खाली दूधवाल्यांची जुनी भोकं दिसायला लागली. पन्नास वर्षांच्या सुयांनी कापडाची चाळण झाली होती. तिने डब्यातून बँकेची अक्षरं शोधली, इस्त्री केली आणि पुन्हा टाचली. रिबेइरा. त्या नावात तिचा मुलगा जिवंत होता.

आश्रमात एलाडियोचं सगळं यानिरा करायची. पेरूहून आलेली, हसऱ्या तोंडाची, बालबीनाला मानाने ‘दोन्या’ म्हणणारी, पण बोलायला स्पष्ट. जाकीट बघून तिने भुवया चढवल्या.

“दोन्या बालबीना, डॉक्टर म्हणतात त्यांना आजच्या दिवसात धरून ठेवा. तुम्ही उलट मागे ओढताय.”

“आजच्या दिवसात काय ठेवलंय त्याच्यासाठी? गाजराचं सूप?”

“तसं नाही. ते आपले आपण घसरतातच आहेत. त्यात तुम्ही धक्का द्यायचा म्हणजे...”

“तुला मुलं किती, पोरी?”

“दोन. तिकडे आईजवळ आहेत.”

“मग तू मला शिकवू नकोस,” बालबीना म्हणाली. असं बोलायला नको होतं हे तिला तेव्हाच कळलं, पण शब्द परत घेतला नाही.

तिने जाकीट एलाडियोच्या मांडीवर ठेवलं. त्याने पाठीवरून हात फिरवला, एकेका अक्षरावर बोट थांबवत, धुणं धुणारा माणूस डाग शोधतो तसा. मग जाकीट सोडलंच नाही. ते पांघरूनच झोपतात, असं यानिराने सांगितलं. आणि तीन आठवड्यांनी बालबीना आत शिरली तर तो वैतागून दाराकडे बघत होता.

“अजून आंघोळीतच आहे ना?”

“कोण?”

“कोण म्हणून काय विचारतेस? तुझा लाडका. सगळे बसमध्ये जाऊन बसले, हा अजून पाण्याखाली. आता मीच जाऊन मुख्य नळ बंद करतो बघ.”

बालबीना खुर्चीत बसली.

“नको रे बंद करू,” ती म्हणाली. “साबण राहील अंगाला.”

“राहू दे. तूच लाडावून ठेवलायस त्याला.”

“मी? आणि दर चार महिन्यांनी नवे बूट कोण आणतं? सेहेचाळीस नंबर झाला पायाचा, आता काय होड्या आणणार आहेस?”

“उंच होतोय. नववीत एवढा उंच कोण होता आपल्याकडे?”

“उंच होतोय आणि गणितात नापास होतोय.”

“गणित काय, रिंगेत घालायचंय?”

ती हसली. वीस वर्षांत अशी हसली नव्हती. पार बसची वेळ होईपर्यंत दोघं मुलावरून भांडली, सगळ्या घरात भांडतात तशी, आणि निघताना तिने त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

तो उन्हाळा बालबीनाच्या आयुष्यातला सुखाचा होता, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. पण मंगळवार-शुक्रवारची ती वाट बघायची. बसमध्ये बसल्या बसल्या आन्शोच्या बातम्या जुळवायची: गणितात पास झाला, शिक्षकांनी कौतुक केलं, एका मुलीचा दोनदा फोन आला, अख्खा मोठा पाव एकट्याने संपवला. काही खरं झालेलं होतं, काही तिने रचलेलं. एलाडियोला सगळं खरंच वाटे. “मुलगी कुणाची?” तो विचारी, आणि ती कारखान्यातल्या एखाद्या जुन्या मैत्रिणीचं नाव सांगे. एकदा परत येताना ती मासळीवालीकडे थांबली आणि तीन माणसांपुरती सार्डिन मागितली. घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा लक्षात आलं. तिने तिन्ही वाटे तळले आणि टेबलाशी बसून राहिली.

मग ऑगस्टमध्ये एलाडियो म्हणाला, पोराचा आवाज अजून फुटला नाही, काळजी वाटते. बालबीनाने ते मनावर घेतलं नाही. सप्टेंबरात म्हणाला, चेंडू त्याच्या हातात मावत नाही, लहान चेंडू आणायला हवा. तेव्हा मात्र तिच्या ध्यानात आलं. आन्शो लहान होत चालला होता. तिने हा हिशेब केलाच नव्हता. तिला वाटलं होतं, नवऱ्याला एक नाव मागे नेऊन ठेवलं की तो तिथे राहील. पण तो राहणारा नव्हता. शाळेच्या अंगणात चेंडू ठेवला की तो गटाराकडे जाणार, हे ज्या बाईने लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, तिला हे कळू नये.

सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरांच्या प्रश्नाला त्याने ‘ओर्बायो’ असं उत्तर दिलं. आन्शोचे दुधाचे दात पडले. मग तो चालायला शिकला. मग एका शुक्रवारी एलाडियो कुजबुजला, “हळू बोल, आत्ताच झोपलाय,” आणि नाव ठेवण्यावरून झालेलं जुनं भांडण उकरून काढलं. बालबीनाला तेव्हा तिच्या वडिलांचं नाव हवं होतं, शेनारो. एलाडियोने आन्शोचा हट्ट धरला होता.

“कुठून काढलंस रे हे नाव?” तिने विचारलं, पंच्याहत्तर साली विचारलं होतं तसंच. “तुझ्या घरात नाही, माझ्या घरात नाही.”

“कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. आवडलं.”

“कुणाच्या?”

“आठवत नाही,” तो म्हणाला. तेव्हाही हेच म्हणाला होता.

जाकीट उचलून बालबीना घरी गेली ती थेट डब्याकडे. आता काय होणार हे तिला स्पष्ट दिसत होतं आणि ते थांबवायला तिच्या हातात सुईशिवाय काही नव्हतं. तिने बँकेची अक्षरं उसवली. दूधवाल्यांची लावली. कापड इतकं विरलं होतं की टाका धरेना, आतून अस्तर लावावं लागलं. मे महिन्यात जे नाव तिने पोटतिडिकीने उपटलं होतं, तेच ती ऑक्टोबरात जीव लावून शिवत होती. त्या नावात आन्शो गेलेला होता. पण गेलेला म्हणजे निदान होऊन गेलेला. एलाडियो रडला असता, बॅग मागितली असती, आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं असतं. आता तिला तेवढंही चाललं असतं.

तिने जाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय?” त्याने वाचलं. “हे तर दूधवाले. यांचा संघ आहे?”

“आपलाच संघ, एलाडियो. नीट बघ. नऊ नंबर.”

“नऊ नंबर तोर्कातोचा,” तो म्हणाला. हा तोर्कातो सत्तर सालीच खेळ सोडून समुद्रावर गेला होता. “ही अक्षरं नाहीत आमची.”

“आन्शो गेला रे,” बालबीना म्हणाली. तिने त्याचे दोन्ही हात धरले. “लुगोच्या रस्त्यावर. धुकं होतं. पोलिसांनी बॅग दिली, तू सदरा धुतलास. रड ना. तुला रडायचं असेल तर रड, मी आहे.”

त्याने हात सोडवून घेतले नाहीत. उलट तिचेच हात थोपटले, परक्या बाईला धीर द्यावा तसे.

“कोण गेलं, बाई?” त्याने हळुवारपणे विचारलं.

यानिरा दारात उभी होती. तिने बालबीनाला उठवलं, बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं. ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल बालबीनाने तिचे मनोमन उपकार मानले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दोन माणसांनी मिळून आठवलेला मुलगा वेगळा आणि एकटीने आठवलेला वेगळा. आता आन्शोची एकोणीस वर्षं तिच्या एकटीच्या डोक्यात होती, आणि ती एकोणसत्तर वर्षांची होती.

“माझी चूक झाली, पोरी,” ती म्हणाली. “आणि तुला मी त्या दिवशी नको ते बोलले.”

“असू द्या, दोन्या. माझी दोघंही फोनवर आता मला नीट ओळखत नाहीत,” यानिरा म्हणाली आणि पेला उचलून आत गेली.

तरी बालबीनाने जाणं सोडलं नाही. नोव्हेंबरात ती खिशात गरम भाजलेले चेस्टनट घेऊन गेली. एलाडियो त्या दिवशी दाढी करून, केस चापून बसला होता. ती दिसल्याबरोबर तो उठून उभा राहिला आणि थोडा लाजला. मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं जाकीट उचलून त्याने लांब धरलं.

“अक्षरं वाकडी आहेत,” तो म्हणाला.

बालबीनाने जुनंच उत्तर दिलं.

“अक्षरं सरळ आहेत. तुमचं अंगण वाकडं आहे.”

तो हसला, अगदी तसाच. दोघांनी चेस्टनट सोलून खाल्ले, आणि त्याने तिला विचारलं की कारखाना किती वाजता सुटतो. तिने सांगितलं, सात वाजता. त्या एका दुपारी तिला पुन्हा वीस वर्षांचं होता आलं आणि ती झाली. पुढच्या मंगळवारी तिने आत पाऊल टाकलं, तेव्हा त्याने मान हलवून नमस्कार केला आणि नजर खिडकीकडे वळवली.

मग डिसेंबर लागला. शुक्रवारी बालबीना बसमधून उतरली तर यानिरा पायऱ्यांवरच वाट बघत होती, चेहरा फुललेला.

“दोन्या, आज चमत्कार झाला. डॉक्टर नाचायचेच बाकी होते. त्यांनी संघाचं नाव विचारलं, आणि हे काय म्हणाले सांगा.”

“काय?”

“सान तेल्मो! एकदम बरोबर. आणि म्हणाले, रविवारी सामना आहे. खरंच आहे हो, मी कागद बघितला, सान तेल्मोच्या मुलांचा रविवारी सामना आहे. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय. लिहूनसुद्धा ठेवलं त्यांनी.”

बालबीना पायरीवर थांबली. सान तेल्मो. संघ फिरून आपल्या पहिल्या नावाशी आला होता आणि एलाडियो पलीकडच्या बाजूने तिथेच पोचला होता. तो आजच्या दिवसात आलेला नव्हता. तो फादर उबाल्दोंच्या अंगणात होता, अठरा वर्षांचा, आणि सार्डिनच्या कारखान्यातल्या कुठल्याही मुलीला ओळखत नव्हता. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण यानिराचे डोळे आनंदाने भरून आले होते. इतके महिने ती त्याला भरवत होती, पुसत होती, आणि तिच्या कष्टाला आज पहिल्यांदा फळ आलंसं तिला वाटत होतं.

“तुझ्या हाताचा गुण, पोरी,” बालबीना म्हणाली आणि आत गेली.

एलाडियो धुलाईच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. आश्रमाचे धुतलेले टॉवेल त्याच्याकडे दिले की तो शांत राहतो, हे तिथे सगळ्यांना माहीत झालं होतं. घडी घालून तो एकेक टॉवेल बाकावर ओळीने ठेवत होता आणि पुटपुटत होता, चार, पाच, सहा. हात म्हातारे झाले होते पण घडी अजून काटेकोर होती. बालबीना खोलीतलं जाकीट घेऊन जरा अंतरावर उभी राहिली.

“तिथे भिंतीशी नका उभ्या राहू, बाई,” तो वर न बघता म्हणाला. “गार वारा येतो. सगळ्या आया तिथेच उभ्या राहतात आणि मग खोकतात. बसा इकडे.”

ती बसली. दोघांच्या मध्ये टॉवेलांची ओळ होती.

“तुमचा कुणी आहे आमच्यात?” त्याने विचारलं.

“आहे.”

“कितवा नंबर?”

“नऊ.”

त्याने ओळीतला टॉवेल बोटाने मोजून काढला, घडी तपासली. “नवा दिसतोय. मी अजून ओळखत नाही त्याला. खेळतो कसा?”

“चांगला खेळतो,” बालबीना म्हणाली. “पाय मोठे आहेत. आंघोळीला फार वेळ लावतो.”

“एक तरी असतोच असा. बाकीचे निघून जातात आणि हा पाण्याखाली. फादर ओरडतात, मी नाही ओरडत. मी टॉवेल कोरडा ठेवतो बाजूला.” त्याने नववा टॉवेल उचलून तिच्या मांडीवर ठेवला. “हा धरा तुम्ही. येईल आता बाहेर. घाई आहे का तुम्हाला?”

“नाही,” ती म्हणाली. “मला काही घाई नाही.”

बाहेर वळणावर बस आल्याचा आवाज झाला, दार उघडलं, मिटलं, आणि बस टेकडी उतरून गेली. एलाडियोने दहावा टॉवेल घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवला.

“नाव काय मुलाचं?”

“आन्शो.”

त्याचे हात थांबले. त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

“छान आहे,” तो म्हणाला. “मला मुलगा झाला तर मी हेच ठेवीन.”